उंबऱ्याबाहेरचे बूट

माझे बूट गुडघ्यापर्यंत होते असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याने स्वतःच्या गुडघ्याचा विचार करू नये, जिराफाच्या करावा. तपकिरी, आतून मऊ, बाजूला लांबलचक चेन. कॅम्पातल्या एका दुकानात ते काचेमागे उभे होते आणि पहिल्या पगाराच्या तंद्रीत मी समोरून तीनदा गेले. तिसऱ्यांदा बुटांनीच हाक मारली. दुकानदार साक्षीला आहे. तो नाही म्हणाला तर त्याला कमी ऐकू येतं असं समजा. शेवटचा जोड होता, एक नंबर मोठा. मी म्हटलं, दोन-दोन मोजे घालीन.

यवतमाळला आईला फोटो पाठवला. लगेच फोन आला. "अवं, घोडा कधी घेतला?"

"घोडा नाही आई, स्कूटर. सायलेन्सरचा चटका बसत नाही, चिखल उडत नाही."

"ते जाऊ दे. पाय लागते का जमिनीले?"

खरं सांगायचं तर नव्हते लागत. बिबवेवाडीचा चढ मी त्या बुटांत तरंगत चढायची. वाटेतली कुत्री उठून रांगेत उभी राहायची.

पण बिबवेवाडीतली माझी मैत्रीण लग्न करून निघाली आणि आमचा भाड्याचा फ्लॅट महिनाअखेर सोडायचा ठरला. मी अकरा खोल्या पाहिल्या. एकीत कॉट टाकली की दार उघडायला शेजारच्यांना भिंत सरकवायला सांगावं लागलं असतं. बारावी सदाशिव पेठेत होती, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी बुचाचं झाड असलेली. ही गेली तर मला सामान घेऊन यवतमाळची गाडी धरावी लागणार होती. मालकीणबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. फोनवर म्हणाल्या, "संध्याकाळी सहा. सहा म्हणजे सहा. सव्वासहाला दुसरी मुलगी येणार आहे."

सहाला मी दारात.

"या. बूट बाहेर."

मी पायरीवर बसले. उजव्या बुटाची चेन दोन बोटं खाली आली आणि वरच्या मोज्यात रुतली. डाव्याला वाटलं, आपण का मागे राहावं. तोही रुतला.

"काय झालं?"

"चेन अडकलीय, काकू."

"बुटाला चेन? आमच्या वेळी पर्सला असायची. चालू द्या तुमचं." आणि त्या आत गेल्या.

बरोब्बर सव्वासहाला दुसरी मुलगी आली. चालता चालताच तिने स्लिपर पायातून सोडल्या, "सॉरी हं" म्हणत माझ्या पायांवरून पलीकडे गेली आणि आत कपबशा वाजल्या.

मी चेन ओढत राहिले. जिन्याच्या जाळीतून पिवळा उजेड येत होता, बुचाचा वास त्याच्यातूनच झिरपत असावा. माझे डोळे जड झाले. मला दिसलं, बुटांना मुळं फुटली आहेत, मी इथेच पायरीवर म्हातारी झाले आहे, पोस्टमन माझी पत्रं मांडीवर ठेवून जातो आणि पाहुणे माझ्या बुटांत छत्र्या टेकवतात. मग बूटच मला सोडून आत गेले आणि खिडकीशी उभे राहिले. त्याने मात्र मला जाग आली. आधी खिडकी त्यांनी पाहावी?

काकू त्या मुलीला गच्चीतला नळ दाखवायला मागच्या दाराने गेल्या होत्या. हॉल रिकामा. मी उंबऱ्याच्या आत गुडघे टेकले, दोन्ही बूट विंचवाच्या नांगीसारखे वर धरले आणि रांगत खोलीपर्यंत गेले. खिडकी उघडी होती. पांढरी फुलं गजाला लागून लोंबत होती, दोन आतल्या फरशीवर पडली होती. मी एक शतकभर पाहिलं, म्हणजे अर्धं मिनिट. तशीच मागे रांगत परत पायरीवर.

थोड्या वेळाने ती मुलगी बाहेर आली, स्लिपर सरकवल्या, "थँक यू, काकू" म्हणाली आणि हसत खाली गेली. संपलं, मी मनात म्हटलं. आता यवतमाळ.

काकू मेणबत्तीचं थोटूक घेऊन आल्या. "पाय पुढे करा." चेनीच्या दातांवर मेण घासत म्हणाल्या, "खिडकी आवडली?"

मी गुडघ्यांवरची धूळ घाईने झटकली.

"कपाटाचा आरसा गच्चीच्या दारातून दिसतो."

"चुकलं, काकू."

"टाच फरशीला लागली नाही. मी वाकून पाहिलं."

"पण ती मुलगी..."

"चांगली आहे. पण तिने आधी खिडकी लावली. म्हणाली, फुलांचा कचरा होईल. तिला पलीकडच्या गल्लीतला पत्ता दिलाय, तिथे झाड नाही. तुमचं सामान रविवारी आणा."

सर्रकन एक चेन उघडली, मागोमाग दुसरी. मी हुंदका देणार तोच काकूंनी बूट हातात फिरवून पाहिला. "घोटा धरतो का हा?"

"गच्च."

"माझा जिन्यात दगा देतो. डॉक्टर म्हणतात, बूट घाला. साडीवर बूट! लोक काय म्हणतील?"

"घोडा कधी घेतला, म्हणतील."

त्या माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या. दोन्ही बूट चढवले. एक नंबर मोठे, अगदी त्यांच्या मापाचे. पाचवारी जरा उचलून पॅसेजच्या टोकाला गेल्या. टक्, टक्. मग कठडा न धरता एक जिना उतरल्या. मग दुसरा.

"काकू, कुठे निघालात?"

"तू आत जा. मोजे झटकून."

मी मोज्यांनी उंबरा ओलांडला आणि खिडकीशी उभी राहिले. खाली, पडलेल्या फुलांवरून, साडी आणि तपकिरी बूट कोपऱ्यापर्यंत जाऊन सावकाश परत येत होते. काकू तेव्हा जमिनीपासून चांगल्या दोन इंच वर होत्या, आणि हे मात्र मी मुळीच वाढवून सांगत नाही.