चीफसाहेबांचा गुप्त संघ

क्लेमेंटी या उपनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे चीफसाहेब साऱ्या जगावर संशय घेत, आणि त्यात त्यांनी आपपरभाव कधी केला नाही. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये, चीफ इंजिनिअर म्हणून गेलेला. “काटा खोटं बोलतो, पाइपला हात लावून बघ,” हा तिथला धडा त्यांनी किनाऱ्यावरच्या माणसांनाही लावला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या स्टॉलांवर, चहा आला की माझी नजर वळायची खोटी, कपांची अदलाबदल झालेली असे. बुद्धिबळाच्या डावातून फोन घ्यायला उठले, तर पटावर पेपर पांघरून जात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात देशोदेशींचे संघ बुद्धिबळ खेळायला जमत. तसल्या एका स्पर्धेच्या डावांचं जुनं पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यातला एक बलाढ्य संघ अखेरच्या फेरीत लिंबूटिंबूंकडून हरला होता. “उद्या कोणाला बसवणार ते आदल्या दिवशीच फुटलं. घरचाच भेदी,” असं चीफसाहेबांचं ठाम मत. ती माणसं केव्हाच वारली असतील, पण चीफसाहेब रोज संध्याकाळी त्यांतल्या एकेकाची उलटतपासणी घेत.

आम्हा चौघा मराठी माणसांच्या संघाचे कप्तान तेच. शेजारच्या जुरोंग ईस्ट उपनगराच्या संघाकडून आम्ही दरवर्षी हरायचो, ते आमच्या खेळामुळे. चीफसाहेबांना वाटे, फितुरीमुळे. त्या महिन्यात ते कायमचे पुण्याला परतणार होते, आणि जाण्याआधी एकदा तरी जिंकायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. म्हणून त्यांनी बातमी फुटू नये असा चोख बंदोबस्त केला: बाकीच्या दोघांना सामन्याची जागाच वेगवेगळी आणि चुकीची सांगितली. खरी जागा आयत्या वेळी कळवायची, असा बेत. मला मात्र सोबतच नेलं, डोळ्यांसमोर असलेला बरा म्हणून. वाटेत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बोगद्यात अडकली, फोनही लागेना, आणि आम्ही दोघंच हॉलवर पोचलो तेव्हा सामना सुरू व्हायची वेळ झाली होती.

समोरचे कप्तान एक निवृत्त चिनी मास्तर. ते म्हणाले, “वी वेट, लाह. हाफ टीम, हाऊ टू प्ले?”

चीफसाहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. “थांबतो म्हणतोय. यात त्याचा फायदा काय?”

“काही नाही, चीफसाहेब. त्यांना खेळायचंय.”

ते परत मास्तरांसमोर गेले. मग त्यांच्यादेखत फोन लावून दोघांनाही म्हणाले, “मी तुला मुद्दाम चुकीची जागा सांगितली. चुकलं माझं. इकडे ये.” कोण कितव्या पटावर बसणार तेही त्यांनी मोठ्याने सांगून टाकलं. मला त्यांची विलक्षण माया वाटली.

आम्ही हरलोच. भेदी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. परतताना म्हणाले, “बुधवारी सकाळचं विमान आहे. जमलं तर या.”

खरं सांगायचं तर मी विमान कंपनीला फोन करून खात्री करून घेतली. बाकीच्या दोघांनीही घेतली होती. वेळ खरी होती. ते गेल्यावर क्लेमेंटीत माझ्यावर संशय घेणारं कोणी उरलं नाही, आणि मला फार एकटं वाटलं.