मिश्री आणि सिगारेट

संस्थान विलीन झालं तेव्हा आम्हा कारकुनांचं फारसं काही बिघडलं नाही. कागदांवरचे शिक्के तेवढे बदलले. पण पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि आमची कचेरीही तिकडे निघाली. बदलीचा हुकूम हातात पडला त्या आठवड्यात माझ्या सिगारेटी दुप्पट झाल्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज खोकतच उठायचो.

एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, आता पुरे करा ना ते ओढणं."

"आणि तुझी मिश्री?" मी फाडकन बोललो. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड ती लग्नाआधीपासून दातांना लावायची.

ती उठली, डबी मोरीत रिकामी केली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. "झालं. आता तुमचा नंबर."

लाजेकाजेनं मी पाकीट चुलीत टाकलं.

दीड महिना टिकलो. भोपाळला एका खोलीत आम्ही चौघे कारकून. सगळे घरापासून तुटलेले, बाकीचे तिघे ओढणारे. "अरे, एक से क्या होता है?" एकानं पाकीट पुढे केलं आणि मी घेतली. घरच्या पत्रांत मात्र तेवढं गाळत राहिलो.

संक्रांतीला ग्वाल्हेरला आलो. माझा कोट खुंटीला अडकवताना ती थबकली. "ओढता ना?"

"हो." आता भांडण होणार, असं वाटलं.

ती शेजारी येऊन बसली. "मीपण सहाव्या दिवशी शेजारणीकडे जाऊन लावली होती. डोकं फुटायला आलं होतं हो. घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली. तुम्हीपण पुन्हा सोडा."

रागावली असती तर मी बहुधा चोरून ओढत राहिलो असतो. त्या दिवसानंतर सिगारेट ओठाला लावली नाही. उन्हाळ्यात ती भोपाळला राहायला आली. पुढेही कितीतरी वर्षं, एखाद्या लग्नात जेवणं झाली की तल्लफ यायचीच. "आज आठवण येतेय," मी तिला सांगायचो. "मलाही," ती म्हणायची, आणि आम्ही जरा फिरून यायचो.

निवृत्त होऊन परत ग्वाल्हेरला, लष्कर भागात आलो. आता आम्ही दोघं नई सडकेपर्यंत पायी जातो. मला दम लागत नाही, आणि ती बरोबर असते. याहून जास्त मी काही मागितलं नव्हतं.