मिस्त्रीची जीभ

जमिनीखालचं मीठ शोधायला मीठ ओतणारा माणूस मी एकच पाहिला. इंग्रज साहेबानं नागपूरहून धाडलेला तो मिस्त्री आमच्या सुलतानपूरच्या शिवारात बोअर पाडायचा आणि लोणारच्या बाजारातलं मीठ पाण्यात कालवून त्याच भोकात सोडायचा.

"मिस्त्री, हे काऊन?" मी विचारलं.

"साध्या पाण्यात खालचं मीठ विरघळून जाते, भाऊ. खाऱ्या पाण्याचं पोट भरलेलं असते. ते दुसऱ्याचं मीठ खात नाही."

वर आलेला प्रत्येक दगड तो टोपी काढून, डोळे मिटून चाटायचा. मीठ निघालं तर आमची वावरं सरकारच्या खाणीत जाणार होती, म्हणून सारं गाव त्याच्या जिभेकडे बघत उभं राहायचं.

एक दिवस तो म्हणाला, "खारट हाये." बाया रडायलाच लागल्या.

त्यानं पुन्हा चाटलं. "काऊन रडून राह्यल्या? हे तं लोणारच्या बाजारातलं हाये."