दसऱ्याला पुजलेला लॅपटॉप

तुमची मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की आप्पा एका शब्दात सांगायचे, "बसती." पुण्याला विद्यापीठात असते आणि बसते. आमच्या उत्रोलीत भाताच्या चिखलात गुडघाभर उभं राहणं म्हणजे काम. गणित हे आप्पांच्या हिशेबी दुखणंच होतं.

त्या सत्रात माझा प्रकल्प होता पत्रा तापण्याचा. एका कडेनं तापवलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते, ते कॉम्प्युटरवर काढायचं. पत्र्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाचं तापमान शेजारच्या चौघांवरून ठरवायचं, पुन्हा पुन्हा, सगळे शांत होईपर्यंत. शेजाऱ्यांवरून माणूस ठरवायची गावात जुनीच पद्धत आहे, त्यामुळे मला हे लगेच कळलं. आप्पा म्हणाले, "पत्रा कसा तापतुया बघायला पुणं कशाला? गोठ्यावर चढ की."

प्रकल्पात नापास झाले तर मला भोरच्या एका ओळखीच्या दुकानात सातबारे छापायला बसवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या दुकानाची मला खरंच भीती वाटायची. म्हणून दसऱ्यासाठी घरी आल्या आल्या मी लॅपटॉपवर गणित लावून दिलं. चौकोनांची जाळी मुद्दाम बारीक घेतली होती, दोन दिवस लागणार होते.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून आले तर टेबल रिकामं. ओसरीत पाटावर विळे, कोयता, कुदळ, फवारणीचा पंप, आणि मधोमध माझा लॅपटॉप. मिटलेला, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडू.

"आप्पा, चालू होता तो."

"व्हय. बटण दाबून धरलं तवा कुठं बंद झाला. चालू हत्यार पुजत न्हाईत. कुणाचा हात कापला म्हंजी?"

आमच्या घरी पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. गणित अर्ध्यात मेलं होतं, मधलं काही साठवलेलं नव्हतं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तोंडी परीक्षा. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते 'हत्यार' डोक्यात शिरलं. हे काम आहे, म्हणून दोन वर्षं मी घसा फोडत होते. आप्पांनी ते मान्य केलं होतं, फक्त मुहूर्त भिकार निवडला होता. मला राग आला, आनंद झाला आणि रडू फुटलं. आप्पांना वाटलं, भक्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसल्याबरोबर मी जाड जाळी घेऊन गणित पुन्हा लावलं. चौकोन मोठे, काम झटपट, उत्तर ढोबळ. एसटी शिवरे गावाच्या पुढे गेली, तेव्हा आलेख आला. गुळगुळीत उतार हवा होता, तिथं खाचरासारख्या पायऱ्या होत्या.

परीक्षेत बाईंनी विचारलं, "जाळी इतकी जाड का?"

"काल हत्यारांना सुट्टी होती," मी म्हटलं.

बाईंनी मागच्या प्रिंटरकडे पाहिलं. त्यालाही झेंडूचा हार होता. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला येत होतं.

काठावर का होईना, पास झाले. बाहेर येऊन घरी फोन लावला. आप्पांशेजारी कुणीतरी बसलेलं असावं, कुणाचा फोन म्हणून विचारत होतं.

"पोरीचा," आप्पा म्हणाले. "कामावर हाय ती."