जर्मन जनरल आणि लोणी देवकरचं घोंगडं

अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले आणि त्यांची वही पिशवीत घालून मी बारामतीहून स्कूटरवर निघाले.

अब्बांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तिथं बसून त्यांनी एका जर्मन जनरलची हकिगत वहीत उतरवली होती. पहिल्या महायुद्धात कोवळा अधिकारी, दुसऱ्यात आफ्रिकेच्या वाळवंटात हजारो सैनिक हाताखाली, पेट्रोल संपल्यावर शरणागती, मग समुद्रापलीकडे कित्येक वर्षांची कैद. पकडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचं पान मात्र कोरं होतं.

त्या आठवड्यात इंग्रजांच्या फौजेत शिपाई असलेले माझे आजोबा, अब्बांचे वडील, त्याच्या पहाऱ्यावर होते. ते सांगत, सोबतच्या लोणी देवकरच्या धनगर शिपायानं जनरलला थंडीत आपलं घोंगडं दिलं, आणि परत करण्याआधी जनरलनं त्याला पडलेलं भोक स्वतः शिवलं. तरुण अब्बा चारचौघांत म्हणाले, "जनरल हातात सुई धरेल होय? थापा मारू नका." आजोबांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. अब्बांना हे शेवटपर्यंत सलत होतं. "एकदा लोणी देवकरला जाऊन विचार," एवढंच ते म्हणाले.

भिगवणपर्यंत रस्ता चांगला आहे, उसाच्या ट्रॉल्या तेवढ्या सांभाळा. तिथं मासळीची थाळी उत्तम मिळते. पुढं सोलापूर महामार्गानं लोणी देवकर. चहाच्या टपरीवर त्या शिपायाचं नाव सांगितलं.

"व्हय, तात्यांचे वडील. कारखान्याच्या गेटाम्होरून डावीकडं वळा."

तात्या पंचाहत्तरीचे. मी सतरंजीवर बसू लागले तर म्हणाले, "तितं न्हाय. पाव्हण्यानं घोंगड्यावर बसायचं." मी मुद्दाम इतकंच विचारलं, की वडील लढाईतलं काही सांगायचे का.

त्यांची सून हसली. "झालं. आता तुमाला उठवत्यात बघा."

खरंच उठवलं. घोंगड्याची कड त्यांनी माझ्यापुढं धरली. काळ्या लोकरीत तळहाताएवढी करडी रफू. इतकी बारीक, की बोट फिरवल्यावरच कळावी.

"जर्मनीच्या जनरलनं केली. काळा दोरा कुठं मिळायचा तितं? पायातला मोजा उसवला त्यानं. एवढा मोठा माणूस, मांडी घालून दुपारभर शिवत बसला. आमी अजून धूत न्हाय त्येवढी कड."

मी पुन्हा बोट फिरवलं. ज्याच्या शब्दावर हजारो माणसं चालली, त्याचे हे टाके.

"आन् सुई?" तात्या स्वतःच म्हणाले. "कैद्याला सुई देत न्हाईत. बारामतीचा एक मुसलमान शिपाई व्हता पहाऱ्यावर, त्यानं आपली दिली. वर कळलं असतं तर त्याचीच नोकरी गेली असती."

"ते माझे आजोबा," मी म्हणाले.

तात्यांनी घोंगडं पुन्हा अंथरलं. "मग बसा की. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय."

दिवस मावळायच्या आत बारामतीत पोचले. जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन फार लागतं. घरी येऊन वही उघडली. सुईचं आजोबांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. कदाचित गोष्ट तिथवर पोचायच्या आधीच अब्बांनी त्यांना अडवलं असेल.

कोऱ्या पानावर मी अब्बांच्याच पेननं लिहिलं, "सुई आजोबांची होती." मग कब्रस्तानात जाऊन ते पान वाचून दाखवलं. आधी आजोबांना, मग अब्बांना.