पुढे केलेला पाय

आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे बायबलच्या वर्गात, सहावी-सातवीच्या मुलांना मी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा धडा शिकवत होते. परात, तांब्या, टॉवेल मांडला. धुवायला सगळेच धावले. धुवून घ्यायला मात्र एकही पाय पुढे येईना. शेवटी सातवीतली रूथ उठली. उसाला पाणी देऊन थेट आलेली, पावलं चिखलाने माखलेली. तिने खुशाल पाय परातीत ठेवले. “धुवा, ताई.”

मी ते धुतले तसं पाणी गढुळलं आणि कलकलाट करणारा वर्ग परातीभोवती गोळा झाला. आपला मळ असा दुसऱ्याच्या हाती सोपवायला केवढं काळीज लागतं!

मग तिने ताजं पाणी घेतलं, गुडघे टेकले. “आता तुमचे.”

मी चटकन पाय साडीखाली ओढून घेतले. ती हात पुढे करून तशीच थांबली.