संबंध असलेल्यांनी बाहेर बसावे

कंडक्टरबाईंचा राग सगळ्या शहराला माहीत होता, पण तो उगाच कुणावर निघायचा नाही. उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली. कुणावर ओरडायचं आणि कुणाला नुसत्या नजरेनं मागे सरकवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र त्यांना एक नवंच प्रकरण बघायला मिळालं. दुपारच्या गाडीत एखादे आजोबा चढायचे, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, आणि कुठे जायचंय म्हणून विचारलं की गप्प. आठवायचंच नाही. अशा माणसाला वाटेत उतरवणार तरी कसं? बाई त्यांना आपल्या शेजारी बसवून शेवटच्या थांब्यापर्यंत न्यायच्या आणि त्याच गाडीनं परत आणायच्या. तोवर सून नाहीतर मुलगा धापा टाकत थांब्यावर आलेला असायचा. एकदा तर एकाच फेरीत असे तिघं निघाले, आणि तिघंही एकमेकांना अगदी अदबीनं विचारत होते, आपण कुठे उतरणार?

निवृत्त झाल्यावर बाईंनी दुपारघर काढलं ते यातून. पाणीपुरवठ्याच्या पंपाच्या वर पालिकेची एक लांबट खोली वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या सांभाळत पडली होती, ती त्यांनी साहेबांच्या मागे लागून लागून मिळवली. विसरत चाललेली माणसं जेवण करून तिथे यायची, आणि दिवेलागणीला घरचं कुणी येऊन घेऊन जायचं. मधल्या वेळात पत्ते, जुनी गाणी, खिडकीतून रस्ता बघणं आणि चहा. चहाचं खातं बाईंच्या धाकट्या दिराकडे. हा गडी जन्मभर छापखान्यात खिळे जुळवत राहिला, लग्नाचं जुळवायचं राहूनच गेलं. जिभेला हाड नाही. "वहिनी, तुमची गाडी अजून चालूच आहे, फक्त चाकं काढलीत," असं तो रोज कुणाला तरी ऐकवायचा. बाई म्हणायच्या, "भावजी, दूध उतू चाललंय तिकडे."

या सगळ्यांत घड्याळजी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचे वडील. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आता स्वतःच्या मुलाचं नाव कधी सुचायचं, कधी नाही, पण बोटं मात्र काही विसरली नव्हती. घरी असले की जे हाताला लागेल ते उघडून बसायचे. फोन झाला, मिक्सर झाला, सुनेच्या चष्म्याच्या काड्यासुद्धा सुटल्या. दुपारघरात बाईंनी त्यांना खिडकीशी एक टेबल दिलं आणि भंगारवाल्याकडून आणलेली घड्याळं पुढ्यात ठेवली. म्हाताऱ्याची कळा बदलली. दुपारभर एक अक्षर न बोलता उघडायचे, पुसायचे, जोडायचे. जाताना टेबलावरून हात फिरवून म्हणायचे, "उद्या येतो. काम बरंच आहे."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेलं सरकारी नजरेला खुपतंच. पालिकेनं ठरवलं की यापुढे पालिकेच्या जागा फक्त अनुदान मिळालेल्या संस्थांनाच. अनुदान नाही तर खोली नाही, वर्षअखेरीला कुलूप. आणि अनुदान कुणाला द्यायचं ते ठरवणार नागरिकांची समिती. पाच सदस्य, वर पालिकेच्या एक अधिकारीबाई. त्यांना मत नव्हतं, फक्त नियम होते.

नियम वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. आदल्या वर्षी समितीतल्या एकानं आपल्या जावयाच्या क्रीडामंडळाला भरघोस अनुदान दिलं आणि जावयानं त्यातून स्वतःचं घर रंगवलं, तेही आतून बाहेरून. बोंबाबोंब झाली. तेव्हापासून नियम आला: ज्या सदस्याचा संस्थेशी संबंध असेल, त्यानं गुण द्यायच्या वेळी बाहेर बसायचं. आता याला कोण नको म्हणेल? पेपरात वाचून कंडक्टरबाईंनीच मान डोलावली होती, "हे बरं केलं."

सुनावणीच्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या. बोलल्या नीट, न चिडता, म्हणजे त्यांच्या मानानं न चिडता. बोलून झाल्यावर अधिकारीबाई म्हणाल्या, "ज्यांचा या संस्थेशी संबंध आहे त्यांनी कृपया बाहेर बसावं." बाई उठल्या, बाहेर आल्या, व्हरांड्यातल्या लांब बाकावर बसल्या. मनात म्हणाल्या, चला, पाचही ओळखीची माणसं आहेत, पाचांनाही आपलं काम माहीत आहे. आपल्याला कशाची भीती?

दार उघडलं आणि औषधवाला बाहेर आला. येऊन बाईंच्या शेजारी बसला.

"तुम्ही काय बाहेर?" बाईंनी विचारलं.

"वडील तुमच्याकडे येतात ना माझे. संबंध झाला."

हे बाईंना पटलं. एक गेला तर गेला, चार आहेत. तोच पुन्हा दार उघडलं. बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांच्या सासूबाई दुपारघरात पत्ते खेळायला असायच्या आणि सर्रास लबाडी करायच्या. त्या बसतात न बसतात तोच वकील आले, त्यांचे मामा यायचे. मग व्यायामशिक्षिका. हिचं तर कुणीच नव्हतं दुपारघरात.

"तुझं काय गं?" बाईंचा आवाज आता बसमधला झाला होता.

"मी दर आठवड्याला फुकट कवायत घेते ना मावशी. अधिकारीबाई म्हणाल्या, फुकट असला तरी संबंधच."

म्हणजे आत उरले एकटे निवृत्त इंजिनिअर. बाकावरची पाचही माणसं दाराकडे डोळे लावून बसली. एक जरी गुण देणारा आत असला तरी पुरे होतं, तसं नियमातच होतं. इंजिनिअर म्हणजे सरळ रेषेत चालणारा माणूस, मूलबाळ नाही, आईवडील कधीच गेलेले. यांचा कसला आलाय संबंध?

बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि इंजिनिअर आले. बाकावर जागा नव्हती, ते उभेच राहिले. टोपी हातात फिरवत बाईंना म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे एकाचं नाव घालायचं आहे. बायकोनं डॉक्टरांना विचारून ठरवलंय."

"कुणाचं?"

"माझंच."

वकिलांनी उठून त्यांना जागा दिली.

शेवटी अधिकारीबाई स्वतः दारात आल्या आणि भरलेला बाक बघून त्यांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "गुण द्यायला आत कुणीच नाही. कुणी गुण दिले नाहीत म्हणजे शून्य धरावे लागतात."

"अहो, पण हे सगळे बाहेर बसलेत ते दुपारघर चांगलं चालतंय म्हणून," बाई म्हणाल्या. "आमचा सगळ्यांशी संबंध आहे, हाच आमचा गुन्हा का?"

"गुन्हा नाही हो. नियम आहे."

"मग गुण पडले तरी कुणाला?"

पडले होते. नवक्षितिज संवाद नावाच्या कुठल्याशा संस्थेला पाचही जणांनी भरभरून दिले होते. ही संस्था काय करते म्हणून बाईंनी बाकाला विचारलं, तर बाक एकमेकांकडे बघायला लागला. व्यायामशिक्षिका म्हणाली, "पडद्यावरची चित्रं छान होती." वकील म्हणाले की संवाद वाढवतात, बहुधा. कुणाचा या संस्थेशी काडीचा संबंध नव्हता, कारण या संस्थेनं आजवर कुणासाठी काही केलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. बाईंना वाटलं, इथेच, या व्हरांड्यातच, आवाज चढवावा. पण सगळी भली माणसं भोवती बसलेली, ओरडणार कुणावर? वाईट माणूस समोर असला की निदान राग तरी जिरतो.

अधिकारीबाईंनी एक वाट काढून दिली. महिन्याभरानं फेरसुनावणी. तोवर एक जरी सदस्य संबंधमुक्त झाला तरी काम होईल. फक्त मग अनुदानाचं पूर्ण वर्ष त्याच्या घरच्या कुणीही दुपारघरात यायचं नाही.

घरी ऐकल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, आपलं चुकलंच. एखाद्याशी तरी वाकडं घेऊन ठेवायला हवं होतं."

"भावजी, तुम्ही गप्प बसा."

"मी गप्प बसून कोण परका होतोय?"

पुढच्या आठवड्यात पाचही जण दुपारघरात जमले. कोण मोकळा होणार? बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, सासूबाई घरी राहिल्या तर आमच्यात कुणीतरी एकजण संपेल. वकिलांचे मामा एकदा निघाले की थेट हायवेला लागायचे. व्यायामशिक्षिका म्हणाली, मी सोडते कवायत. आता हा उपाय किती सोपा होता! पण अधिकारीबाईंना विचारलं तर कळलं, काम करणाऱ्याचा संबंध काम सोडल्यावरही वर्षभर धरतात. इंजिनिअरांना कुणी विचारलंच नाही. मग औषधवाला खाली मान घालून म्हणाला, "मी काढतो बाबांचं नाव. दुकानात माझ्याजवळ बसवीन."

बाईंना त्याच क्षणी कळलं की हे जमायचं नाही. औषधांच्या दुकानात, त्या बोटांपुढे, गोळ्यांची एक तरी पट्टी शाबूत राहील का? हे त्याला सांगायला हवं होतं. पण खोलीत बाकीची माणसं बसली होती, पंप खाली घरघरत होता, आणि नाही म्हणायचं तर डिसेंबरअखेर सगळ्यांनाच कुलूप. बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःचीच त्यांना चीड आली.

फेरसुनावणीला औषधवाला एकटा आत बसला, बाकीचे चौघं पुन्हा बाकावर. तो बाहेर आला तेव्हा चेहरा ओशाळलेला.

"दिले गुण. दोन कापले मात्र."

"कापले?"

"जिना अरुंद आहे ना तुमचा. खरं ते लिहायला लागतं."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बसमध्ये असता तर तो चालत्या गाडीतून उतरला असता. पण दोन कापूनही पुरले. अनुदान मंजूर झालं. अधिकारीबाईंनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. दुपारघरात दिरानं चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली, बेकरीवाल्या बाईंच्या सासूबाईंनी त्या आनंदात सगळे डाव जिंकले. इंजिनिअरही येऊन बसले, खिडकीशी. घड्याळजींचं टेबल आता त्यांनाच दिलं होतं. दुसरी जागाच नव्हती.

औषधवाला दुकानातून जाता-येता दिसायचा. बाबा कसे आहेत म्हटलं की "आहेत" म्हणायचा आणि गिऱ्हाईकाकडे वळायचा. बाईंनी काही दिवस हे चालवून घेतलं. मग एका दुपारी दिराला म्हणाल्या, "भावजी, जरा सांभाळा, मी आले," आणि तडक औषधवाल्याच्या घरी गेल्या.

दाराला बाहेरून कुलूप होतं. सून कामावर, मुलगा दुकानात. बाई खिडकीशी गेल्या. घड्याळजी गजांच्या पलीकडे खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर पिशवी. आसपास उघडण्यासारखी एकही वस्तू घरच्यांनी ठेवली नव्हती. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढलेलं होतं.

बाईंना बघून ते उठले. ओळखलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "मी तयार होऊन बसतो रोज," ते म्हणाले. "कुणी न्यायला येत नाही. दुपारघर बंद पडलं का?"

बाईंच्या तोंडावर आलं होतं की नाही हो, वाचलं, तुमच्यामुळेच वाचलं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मग मी का नाही, आणि त्याचं उत्तर या माणसाला कोणत्या शब्दांत सांगणार? नियमाच्या?

"हो," बाई म्हणाल्या. "बंद पडलं."

म्हातारा हळहळला. मनापासून हळहळला. "अरेरे. चांगलं चाललं होतं." मग गज धरून काळजीनं विचारलं, "बाकीच्यांचं काय हो? ती माणसं आता जाणार कुठे?"

बाईंनी बाहेरून तेच गज धरले.

"इकडे पाठवा त्यांना," घड्याळजी म्हणाले. "मी एकटाच असतो, जागा भरपूर आहे. फक्त येताना मुलाकडून किल्ली आणायला सांगा. दार बाहेरून उघडावं लागतं."